हँडलवर बसून केलेला विक्रम

आमच्या गावात सायकल चालवणारी बाई पहिल्यांदा आली, ती उलटी बसून आली. हँडलवर बसलेली, तोंड सीटकडे, पाठ रस्त्याकडे. सायकल पुढे जात होती आणि बाई मागे बघत होती. बाजारतळाच्या कडेला चहाच्या टपरीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. त्यातला एकजण म्हणाला, "आपल्या ग्रामपंचायतीवानी हाय की. जाती म्होरं, बघती मागं."

बांगलादेशाची लढाई होऊन गेली होती त्या वर्षीचा हा उन्हाळा. गाव जामखेडच्या वाटेवरचं. बाबा तिथे सरकारी दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते. मी नगरला नन्सच्या शाळेत, बोर्डिंगात राहून शिकले होते आणि परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसले होते. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि गावात तोंडून इंग्रजी शब्द निघाला की हसू व्हायचं. दोन्हींवर मी एकच उपाय काढला होता. मी बोलायचेच नाही. गावात मला 'कॉन्व्हेंटवाली' म्हणत. तोंडावर नाही, मी वळले की.

ती बाई नेपाळची होती. लहानपणीच सर्कशीत आली, तिथेच वाढली, तिथेच लग्न झालं. नवरा झुल्याच्या दोऱ्या बांधणारा. एकदा वरून पडला, त्याचा पाय आखडला आणि दोघं सर्कस सोडून बाहेर पडली. आता गावोगाव हिंडून ती हा एकच खेळ करत. त्यांच्याजवळ एक कापडी फलक होता. त्यावर निळ्या रंगाचा डोंगर, डोंगराच्या टोकावर सायकल आणि वर मोठ्या अक्षरांत 'विश्वविक्रम'.

नेपाळ म्हटलं की गावाला दोनच गोष्टी ठाऊक. एक म्हणजे गुरखा. लढाईनंतर गुरख्यांना फार मान आला होता, म्हणून तिला सगळे 'गुरखीण' म्हणू लागले. दुसरी म्हणजे ते शिखर. जो येई तो तिला विचारी, "त्या बर्फाच्या डोंगरावर गेली व्हतीस का?"

ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "वो साहब लोग चढता है. हमारा आदमी सामान उठाता है. फोटो में साहब आता है."

हे ती हसून म्हणत नसे, रागानंही म्हणत नसे. बस कुठून सुटते हे सांगावं तसं सांगायची.

आमच्या शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. घरातल्या चाची गाद्या-उशा शिवायच्या, आणि हिंदी कळणारी गावातली बाई म्हणजे त्याच. हँडलवर बांधायला कापसाची उशी हवी म्हणून गुरखीण त्यांच्या ओसरीवर आली. मी चाचींकडे सुई-दोरा मागायला गेले होते आणि तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. चाची टाके घालत होत्या आणि ती बोलत होती.

तिच्या गावात चाक नव्हतं. गाडीचं नाही, सायकलीचं नाही, कसलंच नाही. सर्कशीत जायला म्हणून ती डोंगर उतरून खाली आली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा चाक बघितलं. तिच्या गावात सगळं माणसाच्या पाठीवरून जायचं, कपाळाला पट्टा लावून. तिच्या एका काकानं घराचे सगळे पत्रे असेच वर नेले होते, वाऱ्याच्या दिवसांत, पत्र्यांसकट आपणही उडून जाऊ अशी भीती असताना. आणि एक म्हातारी होती. तिचे गुडघे उतारावर दुखायचे, म्हणून ती नदीपर्यंतचा सगळा डोंगर उलटी उतरायची. पाठ दरीकडे, तोंड डोंगराकडे. मागून येणारी माणसं तिला समोरून भेटायची, त्यांच्याशी गप्पा मारत मारत ती खाली पोचायची.

"गिरी नहीं कभी?" चाचींनी विचारलं.

"बुढ़िया का पाँव को रास्ता मालूम था." मग तिनं चाचींना विचारलं, "ये विक्रम नहीं है क्या? हमारे उधर सब लोग करता है. गिननेवाला कोई नहीं आता."

आमच्या शाळेच्या लायब्ररीत जगातल्या विक्रमांचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. पावसाळ्यात खेळायला बाहेर सोडत नसत तेव्हा आम्ही मुली ते चाळायचो. नखं वाढवलेला माणूस, खांबावर बसून राहिलेला माणूस, अंडी खाणारा माणूस. कोणीतरी घड्याळ घेऊन त्यांच्यापाशी बसलं असणार. तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. त्या ओसरीवर सुचलं.

तिचा विक्रम असा होता. एका दिवशी सूर्य उगवताना सायकलीवर बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर उतरायचं. मधल्या वेळात पाय जमिनीला लावायचा नाही. खाणं-पिणं सायकलीवर. बाईमाणसाचा प्रश्न होता, त्याचीही तिनं सोय केली होती. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या गोलाच्या एका कडेला कनात उभी केली होती आणि आत बाजलं टाकलं होतं. चालती सायकल आत न्यायची, बाईनं सायकलीवरून बाजल्यावर यायचं, बाजल्यावरून परत सायकलीवर. पाय मातीला नाही. कनातीशी पुरुषांनी फिरकायचं नाही. तिथे चाची आणि चार-पाच बायका पाळीपाळीनं बसणार होत्या. पुरुषांना काय काय शंका येत होत्या ते मला टपरीवरून ऐकू यायचं. त्यांनी त्या बायकांना विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण विचारलं नाही.

हे सगळं घडवून आणणार होतं तरुण मंडळ. मंडळाचे अध्यक्ष तिशीचे होते, पण तरुण होते. काळा चष्मा, इस्त्रीचा बुशशर्ट. त्यांनी लाऊडस्पीकर आणला, व्यासपीठ केलं आणि विक्रम पूर्ण झाल्याचा दाखला छापून घ्यायचं ठरवलं. हा दाखला गुरखिणीला हवा होता. आधीच्या गावांतून तिला शाबासकी मिळाली होती, नारळ मिळाले होते, पण पंच नेमून, लिहून, सही करून कोणी दिलं नव्हतं. तिला तो कागद घेऊन मुंबईला एका मोठ्या सर्कशीत जायचं होतं. तिथे तिला झाडलोट करणारी म्हणून नाही, खेळ करणारी म्हणून जायचं होतं. चाचींना तिनं हे सांगितलं तेव्हा मी ऐकलं होतं.

एके संध्याकाळी अध्यक्ष आमच्या घरी आले.

"डॉक्टरसाहेब, तिची नाडी बघायला तुमी पायजे."

"अहो, मी जनावरांचा डॉक्टर."

"त्याला काय हुतंय? जनावर बोलत न्हाई तरी तुमास्नी समजतं. ही तर बोलती."

बाबा हसले आणि अडकले. मग अध्यक्षांनी चष्मा काढला आणि दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् ताईंनी माइकवर इंग्लिशमधी सांगायचं. विश्वविक्रम हाय. जगाला समजाया पायजे."

"जग येणार आहे का इकडे?" आईनं आतून विचारलं.

"वहिनी, आपला कर्णा लई लांब जातो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "दोन वाक्यं बोलायची आणि घरी यायचं. जमेल ना बाळ?"

पहिल्या दिवशी उजाडताना मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभी राहिले. ती आली. गुडघ्यापर्यंतची ढगळ विजार, वर नवऱ्याचा सदरा, केस घट्ट बांधलेले. नवऱ्यानं सायकल धरली, ती हँडलवर चढली, चाचींच्या उशीवर नीट बसली आणि निघाली. मी माइकसमोर जाऊन इंग्रजीत म्हटलं की नेपाळची एक स्त्री आज या गावात विश्वविक्रमाला सुरुवात करत आहे. माझा आवाज कर्ण्यातून बाहेर आला की नाही, मलाच कळलं नाही.

"बॅटरी उतरली का रं?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"बॅटरी न्हाई, कॉन्व्हेंट उतरलंय."

मी खाली आले. पण घरी गेले नाही. दर थोड्या वेळानं परत बोलायचं होतं, तर जा-ये कशाला, असं मी आईला सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

तिला आपण कुठे जातोय हे दिसत नसे. नवरा गोलाच्या मध्ये उभा राहून तिला ओरडून सांगायचा. दोनच शब्द होते त्याचे. सायकल फक्कीच्या रेघेकडे सरकली की "अंदर!" आणि फार आत आली की "बाहर!" तो सारखा ओरडत नसे. सायकल सरकायला लागायच्या क्षणभर आधी ओरडायचा. ती कशी सरकणार हे त्याला तिच्या खांद्यावरून कळत होतं. डावा खांदा पडला की सायकल रेघेकडे जाणार. दुपारपर्यंत ते मलाही कळायला लागलं. तो "अंदर" म्हणायच्या आधी माझ्या मनात "अंदर" यायचं. दुसरं काही करायला नसलेल्या माणसाला असल्या गोष्टी दिसतात.

ऊन भयंकर होतं. बायका तिच्या डोक्यावर ओलं फडकं टाकायच्या. भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात द्यायला चाची सायकलीमागे पळायच्या, आणि ती उलटी बसलेली असल्यामुळे दोघी समोरासमोर असायच्या. "खा ले गे, खा ले, मेरेकू कब तक दौड़ाती?" चाची धापा टाकत म्हणायच्या आणि तिला हसू यायचं. एरवी ती हसताना मी बघितली नाही. बाबांनी दोनदा तिची नाडी बघितली, तीही तशीच, मागून चालत. "बैलाची बघणं सोपं," ते मला म्हणाले.

रात्री मला घरी जावं लागलं. अंथरुणात पडल्या पडल्या कर्ण्यावरची गाणी ऐकू येत होती, आणि गाणं संपलं की मध्येच एखादं "अंदर". सकाळी गेले तर ती सायकलीवरच होती. डोळे सुजलेले, ओठ फुटलेले. पाय मात्र फिरत होते.

रात्रभर बसलेल्या बायकांनी मला बघताच सांगितलं, "पाय लागला न्हाई हां. आमी बघितलंय. तुझ्या इंग्लिशमधी सांग तसं."

मी सांगितलं. या खेपेला आवाज बाहेर आला.

दुपार कलली आणि जीप आली. सूर्य अजून चांगला वर होता. डोंगराला टेकायला बराच अवकाश होता. जीपमधून प्रमुख पाहुणे उतरले. जिल्ह्यातले मोठे पुढारी म्हणून त्यांना बोलावलं होतं, संध्याकाळी. पण लग्नसराई होती, त्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं, म्हणून ते आताच आले. मंडळाची धावपळ उडाली. हार आणले, शाल-श्रीफळ आणलं. पाहुणे व्यासपीठावर खुर्चीत बसले. त्यांच्यासमोर टेबलावर छापलेला दाखला ठेवला होता, सहीला जागा सोडलेला.

अध्यक्ष गोलाशी गेले आणि हात वर करून म्हणाले, "चला वहिनी, उतरा आता. सायेब आलेत."

तिला वाटलं काहीतरी चुकतंय. तिनं मान वळवून सूर्याकडे बघितलं. "सूरज है अभी."

"हाय की. पण सायबास्नी घाई हाय. उतरा, सत्कार घ्या, झालं."

"उतरेगा तो पूरा नहीं होगा."

"अहो, पूर्णच लिहिलंय कागदावर. आमी लिहिणार, सायेब सही करणार. कोन विचारतंय?"

सायकल त्यांच्यापासून लांब गेली, गोल फिरून परत आली. तोवर तिनं विचार केला असावा. "जो किया नहीं, वो कागज में क्यों?"

हे अध्यक्षांना खरोखर समजलं नाही. आजही मला वाटत नाही की त्यांना फसवायचं होतं. आमच्याकडे कार्यक्रम पाहुण्यांचा असतो. पूल पाहुणे आले की होतो, शाळा पाहुणे आले की होते, मग तिच्यावर छप्पर असो नसो. पाहुणे येऊन बसले म्हणजे विक्रम झाला. आता ही बाई तो झाला नाही म्हणत होती, म्हणजे ती पाहुण्यांना खोटं पाडत होती.

पाहुणे घड्याळाकडे बघत होते. अध्यक्ष घाम पुसत माझ्याकडे आले. "ताई, तुमी सांगा माइकवर. इंग्लिशमधी. विक्रम पूर्ण झाला, अभिनंदन. दोन वाक्यं. लोकांनी टाळ्या वाजवल्या की ती आपसूक उतरंल."

मी माइकसमोर उभी राहिले. दोन वाक्यं इंग्रजीत जुळवणं मला अवघड नव्हतं. गर्दीतल्या कोणालाही ती कळली नसती. म्हणूनच मला बोलावलं होतं, हे त्या घटकेला मला स्वच्छ कळलं. मला राग आला. इतका राग मला तोवर कधी आला नव्हता, किंवा आला असेल तर तो शब्दांपर्यंत पोचला नव्हता.

मी मराठीत बोलले.

"विक्रम पूर्ण झालेला नाही. सूर्य वर आहे. बाईंचा पाय जमिनीला लागलेला नाही, बायकांनी रात्रभर बघितलंय. सूर्य मावळेपर्यंत कोणी सायकलीला हात लावू नये."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "आरं, हिला मराठी येतं की."

अध्यक्षांनी माइक माझ्या हातातून ओढून घेतला. कर्णा कर्कश किंचाळला आणि बंद पडला. "डॉक्टरसाहेबांची पोरगी हायेस म्हून..." एवढंच ते म्हणाले.

पाहुणे खुर्चीतून उठले नव्हते. त्यांनी गोलाच्या मध्ये उभ्या असलेल्या नवऱ्याला बोटानं जवळ बोलावलं. तो लंगडत आला. पाहुणे शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय रे? बायको ऐकत नाही होय तुझं?"

हशा पिकला. व्यासपीठावरचे हसले, गर्दीतले पुरुष हसले. नवऱ्याच्या तोंडाकडे मला बघवेना. तो वळला आणि त्यांच्या भाषेत बायकोला काहीतरी ओरडून म्हणाला. तिनं एका शब्दात उत्तर दिलं. मला नेपाळी येत नाही, पण तो शब्द कुठल्याही भाषेत कळला असता. तो पुन्हा ओरडला. ती पायडल मारत राहिली. मग तो गोलाच्या मध्येच मातीत बसला, गुडघ्यांत डोकं घातलं आणि ओरडायचं बंद केलं.

हे एवढं पुरेसं होतं. कोणी हात लावायची गरजच नव्हती. तिला दिसत नव्हतं. सायकल एक वळण नीट गेली. दुसऱ्या वळणाला तिचा डावा खांदा पडला. फक्कीची रेघ जवळ आली, रेघेपलीकडे माणसं, माणसांच्या पायांत दगड.

"अंदर!"

माझ्या गळ्यातून तो आवाज कसा आला हे मला माहीत नाही. शाळेत गाण्याच्या तासाला नन मला सांगायची, तोंड उघड, फक्त ओठ हलवू नकोस. सायकल आत वळली. मी व्यासपीठावरून उडी मारून खाली आले आणि गोलात शिरले. ती समोरून गेली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. "बहिनी," ती म्हणाली. त्यांच्याकडे धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "ज़ोर से बोलना."

"बाहर!" मी ओरडले. "अंदर! अंदर!"

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत माझं चुकलं. एकदा मी इतक्या उशिरा ओरडले की सायकल रेघेवर आली आणि एका माणसाचं धोतर चाकाला घासून गेलं. "आगं ए, मारती का काय!" तो ओरडला. चाचींनी बायकांना हाका मारल्या आणि त्या कनातीपासून उठून रेघेच्या आतल्या बाजूनं ओळीनं उभ्या राहिल्या, तोंड गर्दीकडे करून. मंडळाचे दोन गडी पुढे येत होते, ते थांबले. त्यातल्या एकाची आई त्या ओळीत होती. "ये, ये पुढं," ती त्याला म्हणाली. "बगू तुजी हिंमत."

पाहुणे उठले. जीपकडे जाताना त्यांनी हारसुद्धा घेतला नाही. अध्यक्ष शाल-श्रीफळ हातात घेऊन जीपच्या मागे पळत होते, "सायेब, सायेब, इपरीत घिऊ नका." जीप निघून गेली. निम्मी गर्दी तिच्याबरोबर पांगली. जिथे पाहुणे नाहीत तिथे काय बघायचं?

मग बाबा आले. कोणीतरी त्यांना दवाखान्यातून बोलावून आणलं होतं. ते रेघेपाशी उभे राहिले. "चल घरी," ते म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. त्यांनी कधीच चढवला नाही, म्हणून मी कधी त्यांचा शब्द मोडला नव्हता.

"सूर्य मावळल्यावर येते," मी म्हटलं. आणि लगेच, "अंदर!"

"लोक काय म्हणताहेत ते ऐकलंस का?"

"बाहर! बाबा, तुम्ही मध्ये उभे आहात. मला तिचा खांदा दिसत नाही."

ते बाजूला झाले. घरी गेले नाहीत. थोड्या वेळानं बघितलं तर ते सायकलीमागे चालत तिची नाडी बघत होते.

सूर्य खाली यायला लागला. माझा आवाज फाटला होता, मध्येच नुसती हवा यायची. मग चाची माझ्याकडे बघून ओरडायच्या. मी हात आत केला की "अंदर", बाहेर केला की "बाहर". शेवटी शेवटी ओळीतल्या सगळ्याच बायका ओरडू लागल्या. नवरा उठला. माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानंही सुरू केलं. त्याचा आवाज आल्याबरोबर तिचे खांदे थोडे सैल झाले. तिनं त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

डोंगराच्या कडेवर धूळ होती, सूर्य त्यात तांबडा होऊन रुतला. "गेला," कोणीतरी म्हणालं. "न्हाई, वाईच हाय," दुसरं म्हणालं. आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो. तीही बघत होती, तिच्या फेरीत सूर्य समोर आला की. मग काहीच उरलं नाही. नवऱ्यानं सायकल धरायला हात पुढे केले.

तिनं मान हलवली आणि आणखी एक फेरी घेतली. ती कोणासाठी, मी विचारलं नाही. मग ती थांबली आणि पाय मातीवर टेकवला. पाय तिचं वजन घेईनात. चाचींनी आणि दुसऱ्या एकीनं तिला दोन बाजूंनी उचललं आणि बाजल्यावर नेऊन ठेवलं. बाबांनी तिच्या पायांना हळद-तेल चोळायला सांगितलं. त्याहून जास्त त्यांना काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती जामखेडच्या एसटीनं निघाली. सायकल टपावर बांधली. आई नको म्हणत असतानाही मी स्टँडवर गेले. माझा आवाज पूर्ण बसला होता. तेवढ्यात अध्यक्ष आले. रात्रीतून त्यांचा राग उतरला होता, किंवा एवढा खर्च करून विक्रम वाया जाऊ नये असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी पाहुण्यांमागे लग्नाच्या गावी जाऊन सही आणली होती.

"घ्या वहिनी," ते म्हणाले. "आमी शब्द पाळला. सायबांची सही हाय."

नवऱ्यानं दोन्ही हातांनी कागद घेतला. तिनं तो त्याच्याकडून घेऊन माझ्याकडे दिला आणि मी वाचून त्याचा अर्थ तिला सांगितला, घशातून निघेल तेवढ्या आवाजात. साहेबांच्या शुभ उपस्थितीत, साहेबांच्या समक्ष विक्रम पूर्ण झाला आणि साहेबांच्या हस्ते सत्कार झाला, असं त्यात होतं. तिच्या देशाचं नाव होतं. गावाचं नाव होतं.

"शाम लिखा है? सूरज डूबने तक?"

"नाही," मी म्हटलं.

"औरत लोग खड़ा था, वो लिखा है?"

"नाही."

तिनं कागद घेतला, व्यवस्थित घडी केली, आणि अध्यक्षांच्या बुशशर्टाच्या खिशात ठेवला. नवरा काहीतरी बोलायला गेला. तिनं त्याला हातानं थांबवलं. "दूसरे गाँव में फिर करेगा," ती अध्यक्षांना म्हणाली. "उधर सूरज डूबने के बाद साहब को बुलायेगा."

कंडक्टरनं घंटी मारली. मुंबईच्या सर्कशीत ती पोचली की नाही, मला कळलं नाही. पुढच्या वर्षी आमच्याकडे दुष्काळ पडला, बाजारतळावर गुरांची छावणी उभी राहिली, तसले खेळ करणारं कोणी आलं नाही.

तो दाखला मात्र गावात राहिला. मंडळाच्या खोलीत काचेत लावून ठेवला होता. बाबांची बदली होईपर्यंत मी तो बघत होते. नवा माणूस गावात आला की मंडळाचे लोक त्याला तो दाखवायचे आणि सांगायचे, आमच्याकडे नेपाळच्या बाईनं साहेबांच्या समक्ष विश्वविक्रम केला. मी आसपास असले तर मी थांबून सांगायचे की नाही, साहेब तेव्हा लग्नात जेवत होते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ताई, जाऊ द्या ना आता, कशाला?"

मी जाऊ दिलं नाही. मी प्रत्येक वेळी सांगितलं. अजूनही कोणी भेटलं तर सांगते.